वीसच्या आतला पट: शाळा वाचवायची तर निवेदनं वेगवेगळी देऊन भागणार नाही

ऑक्टोबर २०२२ मधली गोष्ट. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची पोरं पाठीवर दप्तर आणि सोबत शेळ्या घेऊन थेट नाशिकच्या जिल्हा परिषदेत पोहोचली. भाम धरणामुळं गाव विस्कटलेलं, त्यात शाळा बंद झाली आणि पोरांना दुसऱ्या गावच्या शाळेत जायला सांगितलं गेलं. पोरांची मागणी एका ओळीची होती: दप्तर घ्या, बकऱ्या द्या. शाळाच राहणार नसेल तर दप्तर काय कामाचं, त्यापेक्षा शेळ्या तरी राखू, असा त्याचा सरळ अर्थ. श्रमजीवी संघटनेचे कार्यकर्ते, आईबाप आणि पोरं असे सगळे सोबत होते. ही बातमी राज्यभर गेली आणि शाळा तिथंच भरत राहील, असं प्रशासनाला सांगावं लागलं.

दरेवाडी एक. पण त्याच सुमाराला राज्य सरकार २० पेक्षा कमी पट असलेल्या सगळ्या शाळांची माहिती जिल्ह्याजिल्ह्यातून मागवत होतं. प्रत्येक वाडी काही शेळ्या घेऊन जिल्ह्याला जाऊ शकत नाही, आणि प्रत्येक वाडीची बातमीही होत नाही. मग बाकीच्या शाळांचं काय, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे. दर वर्षी संचमान्यतेची वेळ आली की तो पुन्हा गावात येतो.

आकडा काय सांगतो

२१ सप्टेंबर २०२३ ला शिक्षण आयुक्तालयाचं पत्र निघालं. कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूहशाळा' उभ्या करता येतील का, याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले गेले. मुदत होती १५ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जेमतेम साडेतीन आठवडे. त्या वेळचा राज्याचा आकडा असा: २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा १४,७८३. त्यात शिकणारी मुलं १ लाख ८५ हजार ४६७. शिकवणारे शिक्षक २९,७०७.

भागाकार केला तर एका शाळेत सरासरी साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक. एका शिक्षकामागं सहा मुलं. मंत्रालयात बसलेल्या माणसाला हा आकडा खर्चिक वाटणार, यात नवल नाही.

पण हाच आकडा वाडीतून बघितला तर वेगळा दिसतो. या शाळा कुठं आहेत? डोंगरातल्या पाड्यावर, तांड्यावर, धरणाच्या काठावर, शेतातल्या वस्तीवर. मुळात तिथं माणसंच थोडी राहतात, म्हणून पट थोडा. तिथं वीस पोरं म्हणजे जवळपास अख्ख्या वस्तीची पोरं. शहरातल्या शाळेतून वीस पोरं गेली तर एक तुकडीही हलत नाही. वस्तीवरच्या वीस पोरांची शाळा गेली तर त्या वस्तीवर सरकारचं म्हणून जे काही दिसतं, त्यातलं निम्मं जातं.

सरकारचं म्हणणं

सरकारची बाजू उडवून लावण्यासारखी नाही. पाच-सहा पोरांच्या शाळेत पहिलीचा एक, दुसरीचे दोन, चौथीचा एक अशी परिस्थिती असते. कबड्डीला गडी पुरत नाहीत. गटात बसून शिकणं, वाद घालणं, स्पर्धा करणं हे तिथं होत नाही. दोन शिक्षकांपैकी एक बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की उरलेला एकटा चारही वर्ग सांभाळतो, वर ऑनलाइन माहिती भरतो आणि पोषण आहाराची नोंदही ठेवतो.

समूहशाळेत विषयाला शिक्षक मिळेल, प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान मिळेल, मुलांना आणायला बस असेल, असं चित्र मांडलं गेलं. नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातलं पानशेत ही दोन उदाहरणं समोर ठेवली गेली. एकही शाळा बंद करायची नाही, असंही सरकारकडून सांगितलं गेलं.

गावकऱ्यांची शंका इथंच सुरू होते. जिथं बस आली, इमारत झाली, वसतिगृह झालं, तिथं पालक तयार होतातही. पण राज्यात अशा जागा किती? एका तालुक्यात एक समूहशाळा चांगली उभी करणं वेगळं आणि हजारो वाड्यांवर रोज सकाळी बस पाठवणं वेगळं. बसचा पहिला वर्षाचा खर्च कुणीतरी देईल. तिसऱ्या वर्षी डिझेल कोण भरणार, ड्रायव्हर रजेवर गेला तर काय, पावसाळ्यात ओढा भरला तर पोरं कशी परत येणार, याचं उत्तर पत्रात सापडत नाही.

खर्च वाचतो की नुसता सरकतो?

कात्री लावताना सरकारी खात्यात बचत दिसते. पण त्यातला बराच खर्च वाचत नाही. तो सरकारच्या खिशातून निघून पालकाच्या खिशात जातो.

समजा शाळा तीन किलोमीटरवर गेली. सहा वर्षांच्या पोरीला एकटीला कुणी पाठवत नाही. आई सकाळी सोडायला जाणार आणि परत येणार, दुपारी आणायला जाणार आणि पुन्हा परत येणार. दिवसाला १२ किलोमीटरची चाल झाली. त्या बाईची मजुरी बुडाली. हा हिशेब कुठल्याच सरकारी तक्त्यात येत नाही.

एसटीचा मोफत पास आहे, असं उत्तर मिळतं. अहिल्याबाई होळकर योजनेतला पास ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींसाठी आहे. पहिली ते चौथीची पोरगी त्यात बसत नाही. मानव विकासच्या निळ्या बसही मोठ्या वर्गातल्या मुलींसाठी धावतात. म्हणजे ज्या वयात पोरं सगळ्यात लहान, त्याच वयात त्यांच्या प्रवासाची सोय सगळ्यात कमी.

मग काय होतं? पोरगा कसाबसा जातो, पोरगी घरी राहते. धाकट्या भावंडाला सांभाळायला तशीही कुणीतरी लागतंच. शाळा 'समायोजित' झाली अशी नोंद कागदावर होते. पोरगी शाळेतून गळाली, याची नोंद लगेच कुठंच होत नाही.

कायद्याचं म्हणावं तर शिक्षण हक्क कायद्याखालचे राज्याचे नियम पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा सांगतात. त्याच नियमात नवी शाळा सुरू करायला किमान २० मुलं असावीत, अशीही अट आहे. अधिकारी दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवतात, गावकरी पहिल्यावर. शिवाय नकाशावरचं १ किलोमीटर आणि पायाखालचं १ किलोमीटर यात घाट, ओढा, हायवे आणि जंगल असतं. अंतर मोजताना गावचा माणूस सोबत असायला हवा, तो यासाठीच.

छोट्या शाळेवर असा मोठा खर्च तरी काय होतो, हेही बघायला हवं. समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये ठरलेलं आहे. खडू, नोंदवह्या, झाडलोट, दुरुस्ती, लाइट बिल हे सगळं त्यात भागवायचं. म्हणजे खरी बचत असेल तर ती शिक्षकांच्या पगारात. कात्रीचं पातं शेवटी तिथंच येऊन टेकतं.

२०१७ ते २०२५: कोण कधी उठलं

हा प्रश्न २०२३ च्या पत्रानं जन्माला आला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये दहाच्या आत पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत घालण्याचा निर्णय झाला होता. तेव्हाही आरडाओरडा झाला. कोल्हापुरात 'शिक्षण वाचवा' म्हणत शिक्षक, पालक, संस्थाचालक आणि डाव्या-पुरोगामी संघटना एका मांडवाखाली आल्या. बऱ्याच जिल्ह्यांत मात्र शाळेला कुलूप लागेपर्यंत गावाला पत्ताच नव्हता.

२०२२ मध्ये माहिती मागवायला सुरुवात झाली तेव्हा गावं जरा लवकर सावध झाली. काही ग्रामसभांनी ठराव केले, आदिवासी भागातल्या संघटना पुढं आल्या, शिक्षक संघटनांनी निवेदनं दिली. २०२३ च्या पत्रानंतर हा आवाज वाढला.

मग पेच बदलला. १५ मार्च २०२४ ला संचमान्यतेचे नवे निकष आले. सहावी ते आठवीच्या गटात २० पेक्षा कमी मुलं असतील तर तिथं शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही, अशी परिस्थिती त्यातून तयार झाली. शाळा बंद करण्याचा आदेश काढावाच लागत नाही. शिक्षक काढला की शाळा आपोआप बंद पडते.

त्यानंतर ५ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे ऐन शिक्षक दिनी, आणखी एक निर्णय आला: कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, मानधन महिना १५ हजार. आधी ही मर्यादा २० पटाची होती. विरोध वाढल्यावर त्याच महिन्यात ती १० पटावर आणली गेली. २५ सप्टेंबरला राज्यभरातले प्राथमिक शिक्षक सामूहिक रजेवर गेले आणि जिल्हाधिकारी कार्यालयांवर मोर्चे निघाले. एरवी एकमेकांची तोंडं न बघणाऱ्या संघटना त्या दिवशी एका रांगेत होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंत्राटी शिक्षकांचा तो निर्णय सरकारनं रद्द केला.

या सगळ्यातून एक गोष्ट दिसते. समूहशाळेचं पत्र आलं तेव्हा गावं बोलली, शिक्षक मागं होते. कंत्राटीचा निर्णय आला तेव्हा शिक्षक रस्त्यावर आले, गावं घरात होती. दोघं एकाच वेळी, एकच मागणी घेऊन क्वचितच उभे राहिले. जिथं राहिले, तिथं निकालही वेगळा लागला.

प्रत्येकाचं निवेदन वेगळं का?

गावात शाळेशी जोडलेले गट पाच-सहा तरी असतात. प्रत्येकाची भीती वेगळी आहे, म्हणून प्रत्येकाचं निवेदनही वेगळं जातं.

शिक्षकाला अतिरिक्त ठरण्याची भीती. समायोजन होऊन सोयीच्या गावी बदली मिळाली तर त्याची तक्रार तिथंच संपू शकते. वाडीवरची शाळा राहिली काय, गेली काय.

पालकाला अंतराची भीती. बस मिळाली तर तो गप्प बसेल. दोन वर्षांनी बस बंद झाल्यावर बोलायला जाईल, तेव्हा शाळेच्या खोलीत गोदाम झालेलं असेल.

पोषण आहार शिजवणाऱ्या बाईला महिना अडीच हजाराच्या मानधनाची भीती. शाळा गेली की तिचं काम गेलं. तिच्या बाजूनं निवेदन द्यायला सहसा कुणीच नसतं. बहुतेक ठिकाणी ही विधवा किंवा भूमिहीन बाई असते.

सरपंचाला वाटतं, समूहशाळा आपल्याच गावात आली तर बरंच. शेजारच्या वाडीची शाळा जाऊन आपल्या शाळेचा पट वाढणार असेल, तर तो विरोध कशाला करेल? एकाच ग्रामपंचायतीतल्या दोन वस्त्या इथं एकमेकींसमोर उभ्या राहतात.

आणि तालुक्याच्या गावच्या पुढाऱ्याची स्वतःचीच इंग्लिश मिडीयम शाळा असेल, तर तो सभेत शाळा वाचवा म्हणेल आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाडीत पिवळी बस पाठवेल.

कात्री चालवणाऱ्याला या फाटाफुटीचा फायदा न मागता मिळतो. शिक्षकाला सांगायचं, नोकरी जाणार नाही. पालकाला सांगायचं, बस देऊ. सरपंचाला सांगायचं, नवी इमारत तुमच्याकडं. तिघंही समाधानानं घरी जातात, आणि ज्या वस्तीचा आवाज सगळ्यात बारीक तिची शाळा जाते. शेवटी कात्री लागते ती सगळ्यात एकट्या पडलेल्या वस्तीला. तिथं खर्च जास्त होता की कमी, हा हिशेब मागंच राहतो.

आपली पोरं कुठं शिकतात?

इथं एक कडू गोष्ट बोलावी लागते. पट कमी झाला तो फक्त सरकारमुळं नाही. घरात पोरं कमी झाली. रोजगारासाठी माणसं शहरात गेली. आणि ज्यांच्याकडं दोन पैसे आले त्यांनी पोरं इंग्लिश मिडीयमला घातली. शाळा वाचवण्याच्या निवेदनावर पहिली सही करणाऱ्याचं पोर कुठं जातं, हे अख्ख्या गावाला माहीत असतं. गटशिक्षणाधिकाऱ्यालाही माहीत असतं. मग त्या सहीला वजन कुठून येणार?

झेडपीच्या शाळेत जी पोरं उरतात ती बहुतेक मजुराची, मेंढपाळाची, ऊसतोड कामगाराची, पाड्यावरची. शाळेशी आपला संबंध संपला असं समजून गावातला बोलणारा वर्ग बाजूला झाला, आणि न बोलणाऱ्यांची शाळा कात्रीत सापडली.

उलटं झाल्याचंही उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत २०२२ मध्ये पटावर फक्त ३ मुलं होती. बंद पडण्याच्या यादीत अशी शाळा पहिली बसते. दत्तात्रय वारे गुरुजी तिथं आले, गाव त्यांच्यासोबत उभं राहिलं, आणि पट शंभराच्या पुढं गेला. २०२५ मध्ये या शाळेला 'वर्ल्डस् बेस्ट स्कूल' पुरस्कारांमध्ये लोकांच्या मतांवर ठरणारा 'कम्युनिटी चॉईस' पुरस्कार मिळाला.

आता हे उदाहरण सगळीकडं जसंच्या तसं चालणार नाही, हेही खरं. जालिंदरनगर चाकणच्या औद्योगिक पट्ट्याच्या जवळ आहे. तिथं पट वाढवायला आजूबाजूला पोरं तरी आहेत. सातपुड्यातल्या किंवा सह्याद्रीच्या घाटातल्या पाड्यावर शंभर पोरं आणणार कुठून? तिथं पट वाढवा ही अट घालणं म्हणजे शाळा बंद करा हेच वेगळ्या शब्दांत सांगणं. म्हणून दोन प्रकारच्या शाळा वेगळ्या करून बघायला हव्यात. गावात पोरं आहेत पण झेडपीच्या शाळेत नाहीत, तिथली जबाबदारी गावाची. मुळात पोरंच थोडी आहेत, तिथली जबाबदारी सरकारची, आणि तिथं पट मोजायचाच नाही, अंतर मोजायचं.

३० सप्टेंबर आणि आधार कार्ड

शाळेचं भवितव्य ठरवणारा दिवस बऱ्याच पालकांना माहीतच नसतो. ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक हे ठरतं. त्यात विद्यार्थ्याचं आधार जुळलेलं असणं बघितलं जातं. पोरगं रोज शाळेत बसतंय, पण आधारवर नावाचं एक अक्षर चुकलंय, जन्मतारीख वेगळी आहे किंवा आधारच काढलेलं नाही, तर ते पोरगं हिशेबात धरलं जात नाही.

बावीस पोरांच्या शाळेत तिघांचं आधार जुळलं नाही की पट झाला एकोणीस. वर्गात बावीसच बसलेत, पण सरकारी हिशेबात शाळा वीसच्या आत गेली. भटक्या जमातीच्या आणि स्थलांतर करणाऱ्या घरांत हा घोळ जास्त. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय वेळेत झाली नाही तर पटावरचं पोरगं प्रत्यक्षात फडात असतं, आणि पुढच्या तपासणीत शाळेवर ठपका येतो.

हे काम एकट्या मुख्याध्यापकाचं नाही. बचत गटाच्या बायकांना घरोघरची माहिती असते. अंगणवाडी सेविकेकडं सहा वर्षांपर्यंतच्या पोरांची यादी असते, म्हणजे पुढच्या वर्षी पहिलीत किती पोरं येणार हे तिला आजच ठाऊक असतं. ग्रामपंचायतीतल्या केंद्रचालकाला आधारचं काम कळतं. हे चौघं जुलैमध्ये एकदा एकत्र बसले तर सप्टेंबरमधली अर्धी धावपळ वाचते.

एकत्र येणं म्हणजे नेमकं काय

एकत्र येणं म्हणजे मोठा मोर्चाच हवा असं नाही. ज्या ठिकाणी गावांनी आपलं म्हणणं टिकवून धरलं, तिथं कामाचा क्रम साधारण सारखा दिसतो.

पहिलं, कागद गावाच्या हातात येतो. कुठली शाळा कुठं जोडायचा प्रस्ताव आहे, अंतर किती दाखवलंय, बसचं काय लिहिलंय, हे पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडून लेखी मागता येतं. दिलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे.

दुसरं, शाळा व्यवस्थापन समिती बोलते. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकारही या समितीचाच. कित्येक गावांत ही समिती फक्त सहीपुरती उरलीय. जिथं ती जिवंत आहे, तिथं पालकांच्या सहमतीशिवाय प्रस्ताव पुढं सरकवणं अवघड जातं.

तिसरं, ग्रामसभेचा ठराव होतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या सभा गावांना माहीत आहेत. प्रस्तावाची मुदत त्याआधी संपत असेल तर विशेष ग्रामसभा मागता येते. पेसा क्षेत्रात तर पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते, तिथल्या ठरावाला जास्त धार आहे. ठरावानं शाळा वाचेलच असं नाही, पण 'गावाचा विरोध नव्हता' हे वाक्य नंतर कुणाला लिहिता येत नाही.

चौथं, आणि सगळ्यात अवघड: केंद्रातल्या सगळ्या गावांचा कागद एकच जातो. एका केंद्रशाळेखाली दहा-पंधरा शाळा असतात. त्यातली कुठली जाणार आणि कुठली मोठी होणार, यावर गावं भांडली तर निर्णय वरूनच होणार. ती आधी एकमेकांशी बोलली, तर कुठं जोडणं खरंच सोयीचं आहे आणि कुठं अजिबात नाही हे त्यांना कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा चांगलं कळतं. त्या कागदावर शिक्षक, पालक, स्वयंपाकी ताई, अंगणवाडी आणि सरपंच यांच्या सह्या एकाखाली एक असतील, तर कुणाला वेगळं गाठून समजूत घालणं सोपं राहत नाही.

आणि त्या कागदात नुसता नकार असून चालत नाही. आधी बस, मग शाळा हलवणं. बसचा करार किमान पाच वर्षांचा आणि लेखी. पहिली-दुसरीची पोरं वस्तीवरच. वरचे वर्ग जोडायचे तर पालकांच्या सभेत ठरवून. रिकामी होणारी खोली अंगणवाडीला किंवा अभ्यासिकेला. शाळा राहणार असेल तर दोन शिक्षक कायम, एकाला इतर कामाला पाठवलं तर बदली माणूस. अशा अटी घालणाऱ्या गावाला 'विकासाला विरोध करणारे' म्हणून बाजूला सारता येत नाही.

पुढं काय

कंत्राटी शिक्षकांचा निर्णय रद्द झाला म्हणून विषय संपलेला नाही. वस्त्यांवरची पोरांची संख्या येत्या वर्षांत वाढणार नाही, कमीच होईल. सरकारच्या तिजोरीवरचा ताण कमी होईल असंही दिसत नाही. म्हणजे कात्री पुन्हा येणार. कधी समूहशाळा म्हणून, कधी समायोजन म्हणून, कधी संचमान्यतेच्या निकषातली एक ओळ म्हणून.

सगळ्याच छोट्या शाळा आहेत तशा टिकाव्यात, असा हट्टही शहाणपणाचा नाही. अर्ध्या किलोमीटरवर, सपाट रस्त्यानं जाता येईल अशी चांगली शाळा असेल, तर दोन ठिकाणी चार-चार पोरं बसवून पोरांचं भलं होत नाही. पण कुठली शाळा जोडायची आणि कुठली नाही, हे ज्यांची पोरं त्या वाटेनं चालणार आहेत त्यांच्यासोबत बसून ठरायला हवं.

दरेवाडीची पोरं शेळ्या घेऊन गेली तेव्हा एका वस्तीचा प्रश्न सुटला. पण शाळा बंद झाल्यावर पोरांना रस्त्यावर उतरावं लागलं, ही मोठ्या माणसांच्या उशिराची किंमत होती. यंदा जुलैमध्ये शाळेच्या ओट्यावर मोठी माणसं एकत्र बसली, यादी तपासली आणि एकच कागद तयार केला, तर पोरांना सप्टेंबरमध्ये वर्गातच बसता येईल.